फ्रेडरिकचं नाणं

प्रिय मन्या,

फोनवर अर्धंच सांगून होईल म्हणून लिहायलाच बसलो. परवा इथे एका लिलावाआधी माल बघायला ठेवला होता तिथे गेलो आणि तिथल्या बाईंनी चक्क ऑगस्टाले हातात दिलं रे! कडेनं धरायचं, मधे बोट लावायचं नाही, आणि माझा हात थरथरत होता.

सिसिलीच्या राज्याचं हे सोन्याचं नाणं, दुसऱ्या फ्रेडरिकनं १२३१ मध्ये ब्रिंडिसी आणि मेस्सिनाच्या टांकसाळीत पाडायला सुरुवात केली. वजन जेमतेम सव्वापाच ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा तोळा. एका बाजूला राजाचा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट, खांद्यावर झगा, भोवती सीझर, ऑगस्टस वगैरे पदव्यांची अक्षरं, अगदी जुनं रोमन नाणंच वाटावं, आणि रोम पडून तर तोवर साडेसातशे वर्षं होऊन गेलेली! त्याआधी तिथे तारी नावाची बारकी सोन्याची नाणी चालायची, त्यांवर अरबी अक्षरं असायची, व्यवहारात ती तोलूनच घ्यायचे. त्यातून एकदम हा चेहरा, विचार कर.

पण मी अडकलो मागच्या गरुडावर. पंख पसरलेले, मान वळवलेली, छातीवरची पिसं झिजून गुळगुळीत झालीत पण पंखांची एकेक रेघ अजून शाबूत आहे, आणि राजाचं स्वतःचं नाव चेहऱ्याच्या बाजूला नाहीच, ते या गरुडाभोवती आहे! या माणसाला शिकारी पक्ष्यांचं भयंकर वेड, त्यांच्यावर त्यानं स्वतः ग्रंथ लिहिलाय, त्यामुळे हा गरुड नुसता शिक्का म्हणून काढलाय असं मला तरी वाटत नाही.

सोनं मात्र साडेवीस कॅरेटचं, बाकी चांदी-तांबं. पुढे १२५२ मध्ये फ्लॉरेन्सचा फ्लोरिन आला, १२८४ मध्ये व्हेनिसचा डुकाट, दोन्ही जवळजवळ शुद्ध सोन्याचे, व्यापाऱ्यांना तेच हवे असणार. आणि तो डुकाट म्हणजेच आपली पुतळी बरं का, व्हेनिसहून फिरत फिरत इकडे आली, वर माणसं कोरलेली म्हणून पुतळी.

तुझ्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेत एक पुतळी जरा वेगळी होती, आठवतं? तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठव, उजेडात, जरा तिरका धरून. अक्षरं नीट लागत नसतील तर ती इकडेच केलेली नक्कल असेल, तशाही खूप पाडल्यात, पण मला बघायचीच आहे.

तुझा,
बंड्या