व्यायामाच्या यंत्राची जोडणी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या ऑफर सुरू झाल्या की सांगली, मिरज, कुपवाडमध्ये घरोघरी व्यायामाची यंत्रं येऊ लागतात. ट्रेडमिल आधीपासून होतीच, आता एलिप्टिकलही बरीच दिसतात. दोन पायडलांवर उभं राहायचं, दोन हलते दांडे धरायचे आणि चालल्यासारखे पाय फिरवायचे. पाऊल पायडलवरून उचलावं लागत नाही, त्यामुळे गुडघ्याला हादरा कमी बसतो आणि पन्नाशीपुढच्या माणसांनाही ते मानवतं. वस्तू चांगली आहे. माझी तक्रार तिच्या जोडणीबद्दल आहे.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून मेंटेनन्स फिटर म्हणून निवृत्त झालो. आता ओळखीपाळखीतून अशी यंत्रं जोडायला आणि बिघडली की बघायला बोलावणं येतं. घरी येतो तो एक अवजड खोका. टेम्पोवाले तो दारात टेकवतात, सही घेतात आणि जातात. खोक्यात लोखंडी फ्रेम, दांडे, पायडलं, पुठ्ठ्यावर प्लास्टिकखाली बसवलेले नट-बोल्ट, एक अ‍ॅलन की, एक पत्र्याचा पाना आणि बारीक अक्षरातली इंग्रजी पुस्तिका असते. पुढचं गिऱ्हाइकानं बघायचं. गिऱ्हाईक मग शेजारच्या कॉलेजच्या पोराला बोलावतं, नाहीतर टेम्पोवाल्याच्याच हातावर दोनशे रुपये ठेवतं.

विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये मी जे पाहिलं ते सांगतो. एक निवृत्त शिक्षिका यंत्रावर व्यायाम करत असताना डावं पायडल निखळलं. त्यांनी मधला स्थिर दांडा धरला होता म्हणून घोटा सुजण्यावर भागलं. मी डाव्या क्रँकवरची, म्हणजे पायडल ज्याला जोडलेलं असतं त्या फिरत्या लोखंडी दांड्यावरची, प्लास्टिकची टोपी काढली, तर आतल्या ग्रीसमध्ये लोखंडाचा चकचकीत कीस दिसला. सुरुवातीचे आटे सपाट झाले होते. बोल्ट बाहेर काढून पुसला आणि त्याचं डोकं उजेडात धरलं. त्यावर ‘आर’ हे इंग्रजी अक्षर ठोकलेलं होतं. म्हणजे उजवीकडचा बोल्ट जोर लावून डावीकडे घुसवलेला. हे काम विक्रेत्याच्या टेम्पोबरोबर आलेल्या मुलानं केलं होतं. विक्रेत्याला फोन केला, तर जोडणी आमच्याकडे येत नाही आणि चुकीच्या जोडणीला वॉरंटी लागू नाही, असं उत्तर मिळालं. नवीन क्रँकचा भुर्दंड बाईंना पडला. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

यातली गोम अशी आहे. एलिप्टिकलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डाव्या बाजूच्या क्रँकला डावे आटे असतात. तो बोल्ट उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं फिरवला की आवळतो. आपल्या सायकलच्या डाव्या पायडललाही असेच डावे आटे असतात, कुठल्याही सायकलवाल्याला विचारा. फिरत्या क्रँकवर पायाचा दाब सतत पडत राहिला की साधा उजव्या आट्यांचा बोल्ट डावीकडे हळूहळू सैल होत जातो, म्हणून ही तजवीज. बोल्टांवर ‘एल’ आणि ‘आर’ ठोकलेलं असतं. पहिले दोन-तीन फेरे बोल्ट हाताच्या बोटांनी सहज आत गेला पाहिजे. नाही गेला, तर पान्याला हात लावू नका. बोल्ट बाहेर काढून अक्षर बघा. एवढी गोष्ट मराठीत एका कागदावर छापून खोक्यात टाकायला कंपनीला किती खर्च येणार आहे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये साफ म्हटलं आहे, की वस्तूसोबत योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसतील किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसेल, आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. आता सांगलीतल्या घरात, जिथे घरच्या माणसांना इंग्रजी वाचता येत नाही, तिथे नुसती इंग्रजी पुस्तिका पुरेशी कशी मानायची? वेष्टनावरचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला तरी नियमाला चालतो, हे मला माहीत आहे. पण किंमत आणि आयातदाराचा पत्ता वाचणं वेगळं आणि अंगावर पडू शकणारं लोखंड जोडणं वेगळं. जिथे माल विकता तिथल्या भाषेत सूचना द्या, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

तोवर लोकांनी निदान काही गोष्टी सांभाळाव्यात. यंत्र एकट्यानं जोडायला घेऊ नका. उभा खांब बसवताना एकानं तो धरायचा आणि दुसऱ्यानं खालून येणारी सेन्सरची वायर वरच्या वायरला जोडून आत सारायची. ती वायर खांबाच्या तोंडाशी चेपली, तर डिस्प्ले चालत नाही आणि पुन्हा सगळं उसकावं लागतं. सगळे बोल्ट आधी हातानं लावून घ्या. यंत्र जागेवर, चारी कोपरे टेकवून उभं राहिलं की मगच पान्यानं आवळा. एक बाजू आधीच कसून टाकली, तर दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत आणि मग पोरं हातोडी घेतात. खालच्या आडव्या पाइपाच्या टोकांना फिरवता येणाऱ्या टोप्या असतात, त्यांनी डुगडुग काढायची. फरशी उताराची असेल तर पाणसळ लावून बघा. जुन्या गावभागातल्या घरांत तर बघाच.

जागेचा विचार खोका फोडण्याआधी करा. चढायच्या बाजूला आणि भोवती निदान दोन फूट मोकळी जागा हवी. एलिप्टिकलच्या आंतरराष्ट्रीय मानकातही, आयएसओ २०९५७ मध्ये, साधारण एवढीच, ०.६ मीटर, जागा सांगितली आहे. आणि वर बघा. पायडल वरच्या टोकाला जातं तेव्हा माणूस जमिनीपासून फूट-सव्वा फूट उचललेला असतो. साडेपाच-सहा फुटांचा माणूस म्हणजे डोकं सात फुटांच्या आसपास. त्याच्या वर पंखा फिरत असेल किंवा माळ्याची कड पुढे आलेली असेल, तर यंत्र तिथे ठेवायचंच नाही. मी एका घरी पंख्याखाली ठेवलेलं यंत्र हलवेपर्यंत उठलो नाही, घरच्यांना राग आला तरी. उघड्या गॅलरीतही नको. पावसाळ्यातली ओल बेअरिंगला खाते.

जोडल्यानंतर पहिल्या आठवड्यात सगळे बोल्ट एकदा परत आवळावे लागतात, कारण रंग, वायसर, प्लास्टिकच्या बुश दाबून बसतात आणि सैलपणा येतो. पुढेही महिन्याकाठी पाना फिरवा. खडखड किंवा करकर आली की यंत्र थांबवा. तेलाचा थेंब सोडून आवाज बंद केला, तरी सैल बोल्ट सैलच राहतो. विक्रेत्यानं ही दुसरी फेरी किमतीतच धरली पाहिजे. वॉटर फिल्टर बसवायला माणूस येतो, एसीला येतो, मग माणूस ज्यावर उभा राहतो त्याला का येत नाही?

चढण्या-उतरण्याबद्दल कुणीच सांगत नाही. घरगुती एलिप्टिकलला बहुधा फ्री-व्हील नसतं. तुम्ही पाय मारायचं थांबवलं तरी आतलं जड चाक फिरत राहतं आणि पायडलांना फिरवत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत उतरायचं नाही. चढताना जे पायडल सगळ्यात खाली आहे त्यावर आधी पाय, उतरताना वरच्या पायडलवरचा पाय आधी खाली, आणि हात कायम स्थिर दांड्यावर. हलता दांडा धरून चढलात तर तोच तुम्हाला ढकलतो. पायात बूट हवेत. आपल्याकडे घरात चपला घालत नाहीत, म्हणून लोक अनवाणी चढतात आणि घामानं पाय घसरतो. स्वच्छ बुटांचा एक जोड यंत्रापाशीच ठेवा. पदर, ओढणी खोचून घ्या, शक्यतो सलवार-ट्रॅकपँटचे पायही घट्ट असावेत. दांड्यावरच्या पत्र्यांवर दिसणारा नाडीचा आकडा अंदाजाचा असतो. छातीत दुखलं, गरगरलं, तर आकडा बघत बसू नका, थांबा. हृदयाचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मिरज हाकेच्या अंतरावर आहे.

मुलांचं मात्र मी हात जोडून सांगतो. यंत्र बंद असलं तरी पायडल हातानं फिरतं आणि मुलांना ते फिरवायला आवडतं. एक फिरवतं, दुसऱ्याचं बोट क्रँक आणि कव्हर यांच्या फटीत. ट्रेडमिलची किल्ली काढून ठेवता येते, याला बऱ्याचदा तशी सोय नसते. यंत्राच्या खोलीला कडी हवी. ते शक्य नसेल तर व्यायाम झाल्यावर रेझिस्टन्स, म्हणजे पायडलाचा जडपणा, सगळ्यात वर ठेवा आणि क्रँकचा दांडा खालच्या फ्रेमला जाड पट्ट्यानं बांधून टाका.

आणि आपल्या सांगलीला पुराची गोष्ट वेगळी. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे इथल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये लोकांनी घाईघाईत यंत्रं उसकून वरच्या मजल्यावर नेली आणि पाणी ओसरल्यावर तेच नट परत लावले. ज्या नटात नायलॉनची कडी असते, तो एकदा काढला की त्याची पकड कमी होते. तो बदलायचा, हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. उसकताना प्रत्येक बोल्ट त्याच्या वायसरसकट वेगळ्या पिशवीत घालून चिठ्ठी लावा. जे यंत्र पाण्यात बुडालं, ते धुऊन-पुसून वापरू नका. कव्हर उघडलं की बेअरिंगमध्ये गाळ बसलेला असतो. बेअरिंग बदलल्याशिवाय त्यावर माणूस चढवायचा नाही.

अपार्टमेंटच्या सोसायट्यांनाही एक विनंती. हॉलमध्ये सगळ्यांसाठी म्हणून घरगुती यंत्र घेऊ नका. वर सांगितलेल्या आयएसओ मानकात घरगुती वापराचा ‘एच’ आणि व्यायामशाळेच्या वापराचा ‘एस’ असे वर्ग आहेत. वापरणाऱ्याच्या वजनाची मर्यादाही यंत्रावर लिहिलेली असते, ती सगळ्यांना दिसेल अशी मराठीत भिंतीवर लावा.

जिल्ह्यातल्या विक्रेत्यांना आणि ऑनलाइन माल पाठवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की या दिवाळीपासून प्रत्येक यंत्रासोबत मराठी सूचनापत्र द्या, जोडणीला शिकवलेला माणूस पाठवा आणि आठवड्यानं तोच माणूस परत पाठवा. बिलावर ‘जोडणी विक्रेत्याकडून’ असं लिहून द्या. गिऱ्हाइकांनीही हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कुणी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यानंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार करताना बिल, खोक्यावरचं लेबल आणि तुटलेल्या भागाचा फोटो जवळ ठेवा. तुटलेला बोल्ट फेकून देऊ नका, त्यावरचं अक्षर हाच पुरावा असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर,
कुपवाड, जि. सांगली