गिरणीच्या फिल्मसाठी एक अट

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं फुटेज पाहिलं. गिरणीचा पट्टा, हवेत तरंगणारं पीठ, काकांच्या पापण्यांवर बसलेला पांढरा थर, सगळं देखणं आहे. पण तू फोनवर म्हणालीस तेही खरं, यातून फिल्म कुठे सुरू होते ते कळत नाही. आता आणखी शूट करू नकोस. आधी स्वतःला एक अट घाल.

‘मनकामना’ पुन्हा बघ. स्टेफनी स्प्रे आणि पाचो वेलेझ यांची २०१३ची फिल्म. नेपाळमधल्या मनकामना देवीच्या रोपवेत त्यांनी ट्रॉलीत कॅमेरा एका जागी रोवला आणि समोरच्या प्रवाशांना फेरी संपेपर्यंत पाहिलं. ११ फेऱ्या, ११ शॉट. १६ एमएम फिल्मचा ४०० फुटांचा रोल ११ मिनिटांच्या आसपास चालतो आणि फेरी साधारण तेवढ्यात आटोपते. शॉट किती लांब ठेवायचा ते रोलने आणि डोंगराने ठरवलं. दोन बायका आइस्क्रीम खातात, ते वितळून ओघळायला लागतं, त्यांची धांदल उडते आणि हसू फुटतं. माझ्यासारख्या संकलकाचा हात तिथे कापायला शिवशिवतो. तिथे कापलं असतं तर आइस्क्रीम उरलं असतं, त्या दोघी गेल्या असत्या. एका फेरीत तर नुसत्या शेळ्या आहेत, देवीला वाहायला चाललेल्या. त्यांच्याकडेही तितकाच वेळ पाहावं लागतं. अट सगळ्यांना सारखी लागू आहे, म्हणूनच ती इतकी बोचते.

तुला आवडते ती ‘द फाइव्ह ऑब्स्ट्रक्शन्स’ (२००३) मला निम्मीच पटते. लार्स फॉन त्रिअर आपल्या गुरुस्थानी असलेल्या यॉर्गन लेथला त्याचाच जुना लघुपट अटी घालून पुन्हा करायला लावतो. पहिल्या वेळी एकही शॉट १२ फ्रेमपेक्षा, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा, मोठा नको. लेथने क्युबात जाऊन त्या तुकड्यांचाच ताल केला, तो भाग अप्रतिम आहे. दुसरी अट: जगातल्या सर्वांत दुःखी जागी जा, पण ती जागा दाखवू नकोस. तो आला आपल्या मुंबईत, फॉकलंड रोडच्या वेश्यावस्तीत. सूट घालून टेबलाशी जेवायला बसला आणि मागे अर्धपारदर्शक पडदा लावला. पडद्याआड वस्तीतली माणसं उभी. जागा दिसते म्हणून फॉन त्रिअरने अट मोडल्याचा ठपका ठेवला. माझा राग वेगळा आहे. ती परीक्षा लेथची होती, आणि त्या बायकापोरांना तिथे काहीच करायचं नव्हतं, नुसतं मागे उभं राहायचं होतं. अट दिग्दर्शकाला छळते की नाही यापेक्षा समोरच्या माणसाला ती काय देते, हे मी आधी बघते.

तुझ्या गिरणीतच अट पडून आहे, सई. दळण घालताना लोक काय सांगतात? ‘गव्हावर गहू दळा’, ‘ज्वारीवर ज्वारी’. बाजरीनंतर लगेच कुणाला आपले गहू नको असतात, उपासाची भाजणी तर वेगळीच. तो क्रम काका दिवसभर डोक्यात सांभाळतात. मग एका डब्याचं दळण म्हणजे एक शॉट. धान्य ओतल्यापासून डब्याचं झाकण लागेपर्यंत. दोन किलोवाल्या आजी लवकर संपतील, खानावळवाल्याचं पोतं चालतच राहील. ते लांबलं तरी कापायचं नाही. संकलनातही ज्या क्रमाने दळलं तोच क्रम. मुलाखती काढून टाक. घरघरीत तसंही काही ऐकू येत नाही, माणसं हातवारे करून ‘जाड’, ‘बारीक’ सांगतात, तेवढं बोलणं पुरे.

यात तुझे काही लाडके शॉट जातील. पट्ट्याचा क्लोजअप जाईल, मलाही तो आवडला होता. जाऊ दे.

काकांना मात्र विचार, कॅमेरा कुठे ठेवला तर त्यांच्या हाताखाली येणार नाही. ती जागा त्यांनी दाखवू दे, आणि मग ती बदलू नकोस. पहिली सलग दळणं झाली की आवाजासकट पाठव, मी बघते.

तुझी,
आई