आमसुली खिडक्या

आदरणीय काका,

गणपतीला घरी पोहोचायचं म्हणून तुम्ही डोंबिवलीला परतलात आणि पुढच्याच आठवड्यात परांची उतरली. आज सकाळी धुकं विरल्यावर मी रस्त्यापलीकडे उभी राहून घर पाहत होते. फोनवर नुसतं 'थँक्यू काका' म्हणून भागणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अलमीडातलं आमचं घर १८९०च्या दशकातलं, क्वीन ॲन या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या धाटणीचं. कोपऱ्यावर गोल बुरूज, वर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी पट्ट्या, व्हरांड्याला कातीव खांब. घेतलं तेव्हा सगळ्यावर सरसकट पांढरा रंग होता. मला हवा होता सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टकार्डांवर दिसतो तसा झळझळीत निळा, कारण तोच व्हिक्टोरियन रंग अशी माझी खात्री होती. पाडव्याला जेवायला आलात तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते रंग अलीकडचे गं. आधी घराला विचारू या." सॅन फ्रान्सिस्कोतल्या बुच कार्डम या कलाकाराने १९६३ मध्ये आपलं घर गडद निळ्या-हिरव्या रंगांत रंगवलं आणि मग शेजारपाजारची घरं रंगीत होत गेली, हे मी त्या रात्री वाचलं.

पण रंगाच्याही आधी एका गोष्टीचे आभार मानायचे आहेत. एका ठेकेदाराने आम्हाला सांगितलं होतं की मशीनने कोरडं घासून दोन दिवसांत लाकूड उघडं करतो. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेले तुम्ही ते ऐकून हातातली वाटी खाली ठेवलीत. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. त्याआधीच्या घरात शिसं आहे असंच धरून चालायचं, आणि ती धूळ सगळ्यात वाईट लहान मुलांना. माझी लेक तेव्हा आठ महिन्यांची होती, दिवसभर जमिनीवर रांगायची. आम्ही ते काम रद्द केलं आणि शिशाचं प्रशिक्षण घेतलेली माणसं शोधली. काका, हे उपकार मी कशाने फेडू?

मग व्हरांड्याच्या खांबामागे, खाली प्लास्टिक अंथरून, तोंडाला मास्क लावून, तुम्ही पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा हळूहळू घासलीत. भिंगातून पाहिलं तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं! पांढरा, मग करडा, पुन्हा पांढरा, खाली मातकट पिवळा, आणि लाकडाला चिकटलेला गुलाबीसर. मी म्हटलं, मूळ रंग गुलाबी! तुम्ही मान हलवलीत. गुलाबीवर धुळीची रेघ नव्हती. ऊन-पाऊस खाल्लेल्या थरावर मळ साचतो, म्हणजे हे नुसतं अस्तर. आणि तो पिवळाही खरा नव्हता. जवसाच्या तेलातला रंग वर्षानुवर्षं अंधारात दडपला की पिवळा पडतो. ती जागा तुम्ही तीन आठवडे उन्हात उघडी ठेवायला लावलीत आणि पिवळेपणा उतरून छान दगडी रंग वर आला. खिडकीच्या झडपेखाली निघाला गडद तांबूस-काळपट. मी रंगाच्या कार्डात त्याचं इंग्रजी नाव शोधत बसले होते, तर तुम्ही एका शब्दात म्हणालात, "आमसुली."

त्या शब्दाने मला डोळे मिळाले. मग खवल्यांना शेवाळी, चौकटींना सायीचा, कोरलेल्या फुलांना अगदी थोडा विटकरी. आमसुली फक्त तावदानांच्या बारीक चौकटींना, कारण त्या काळी तिथे सगळ्यात गडद रंग देत आणि त्याने खिडकी खोल दिसते. मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात देऊन ते तुम्ही उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेत, सकाळ-दुपार-संध्याकाळ बघायला लावलेत. कार्डावर नेमका वाटणारा दगडी रंग भर उन्हात पार फिका पडला. एक छटा गडद घेतली, तेव्हा जमलं.

खांबामागची ती रुपयाएवढी जागा रंगवू दिली नाही. कडा नीट बंद करून तिच्यावर काच बसवली आहे. उरलेल्या रंगाचा डबा तळघरात आहे. झाकणावर कंपनीच्या नंबराखाली मी मोठ्या अक्षरांत 'आमसुली' लिहिलं आहे. पुढच्या वर्षी याल तेव्हा मागच्या दाराचं काम काढायचं आहे. त्याला हात लावलेला नाही.

तुमची,
अलमीडाची लेक