आयुष्य वाढलं, धडधाकट वर्षांचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

आयुर्मान वाढल्याचा उल्लेख सरकारी भाषणांत हमखास असतो. वाढलंच आहे, वाद नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतीय माणूस सरासरी ७०.८ वर्षं जगतो आणि त्यातली निरोगी वर्षं भरतात ६०.३. (साठी लागली की माणूस अंथरूण धरतो, असा याचा अर्थ नव्हे. आजारपणात, अपंगत्वात गेलेला काळ त्याच्या तीव्रतेनुसार वजा करून हा आकडा काढतात.)

जपानी माणसाची निरोगी वर्षं ७४.१. आपलं अख्खं सरासरी आयुष्यसुद्धा त्याहून तोकडं! जपान श्रीमंत आहे, असं म्हणून विषय संपवता येत नाही, कारण अमेरिका ६६.१ वर अडकली आहे आणि श्रीलंका ६७ वर आहे. श्रीलंकेत सरकारी उपचार मोफत आहेत आणि प्रशिक्षित सुईण कित्येक दशकं घरोघर जाते आहे.

जपानमधला नागानो हा डोंगराळ भाग एकेकाळी पक्षाघाताच्या मृत्यूंसाठी बदनाम होता. खारवलेल्या भाज्या आणि मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं खारट सूप) हे तिथलं रोजचं जेवण. मीठ जास्त की रक्तदाब वाढतो, आणि त्यातून पक्षाघात. गावातल्याच स्वयंसेविकांनी घरोघर जाऊन सूपमधलं मीठ मोजलं, कमी करायला लावलं. पुढे आयुर्मानात नागानो जपानमध्ये पहिलं आलं. आपल्या पापड-लोणच्याचं मीठ कुणी मोजलंय?

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडाऱ्यातून सुरू झाला. त्यात महिन्याभराच्या गोळ्या एकदम देण्यावर भर आहे. आमच्याकडच्या केंद्रात मात्र दहा दिवसांच्याच मिळतात. दर खेपेला केसपेपर, रांग आणि बुडालेली मजुरी. शेजारच्या मावशींनी दोन खेपांनंतर गोळ्या सोडल्या. 'काही होत नाही मला,' म्हणतात. बीपी दुखत नाही, हीच तर अडचण आहे.

तेव्हा मागणी दोनच गोष्टींची. बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रातच, आणि पूर्ण महिन्याच्या मिळाव्यात. आणि किती शिबिरं झाली यापेक्षा किती रुग्णांचा बीपी आटोक्यात राहिला, हे जिल्हावार, दर तिमाहीला जाहीर करावं. शिबिरांचे फोटो आम्ही पुष्कळ पाहिले.

कळावे,
एक नागरिक