सहा आठवड्यांचा कागद हवा

महोदय,

कोरोनाचे रुग्ण वाढले की ‘लहान मुलांना धोका’ हा मथळा ठरलेला. २०२१ च्या उन्हाळ्यात तिसरी लाट मुलांवरच येणार अशी आवई उठली होती. कर्नाटकातल्या आमच्या निपाणी-खानापूर या सीमाभागात आयांनी पोरांना अंगणातसुद्धा सोडलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये लाट आली आणि बहुतेक मुलं दोन-तीन दिवसांच्या तापावर निभावली.

मी बालरोग वॉर्डातून निवृत्त झालेली परिचारिका. दाखल करावी लागतात ती मुख्यतः वर्षाच्या आतली तान्ही, किंवा आधीच हृदयाचा दोष, फिट्स, मधुमेह, लठ्ठपणा असलेली मुलं. ओमायक्रॉनच्या त्या लाटेत भुंकल्यासारखा खोकला आणि तापात येणारे झटकेही दिसले. काहींचा कोरोना तर हात मोडला म्हणून दाखल केल्यावर तपासणीत सापडतो. बातमीतल्या आकड्यात तेही येतात. कोरोनामुळे दाखल झालेले आणि तपासणीत सापडलेले, दोन्ही वेगळे छापले तर बरं होईल.

माझी खरी काळजी दुसरीच आहे. साधा कोरोना होऊन गेला, मूल शाळेत जाऊ लागलं, आणि दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा ताप, पोटदुखी, उलट्या, लाल डोळे, अंगावर पुरळ. याला डॉक्टर ‘मिस-सी’ म्हणतात. २०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी याकडे प्रथम लक्ष वेधलं. हा आजार क्वचितच होतो, पण रक्तदाब घसरतो, हृदयाला सूज येते. वेळेत स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून देतात ती प्रतिपिंडं) मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात. पोटदुखीमुळे अपेंडिक्सचा संशय येतो, म्हणून घरात कुणाला कोरोना झाला होता का, हे आधी विचारावं लागतं.

घोडं इथंच अडतं. महाराष्ट्रातल्या चंदगडची माणसं उपचाराला कर्नाटकात बेळगावात येतात, निपाणीची कोल्हापूरला जातात. तपासणी एका राज्यात, दुखणं दुसऱ्या राज्यात. निपाणीजवळ राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद मागत होते तेव्हा लोक तो जपून ठेवायचे; आता तपासणीच कोण करतंय! त्यात आजीला सर्दी-ताप होऊन गेला हे डॉक्टरांना सांगायचं असतं, हेच घरच्यांना ठाऊक नसतं.

तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दवाखान्यांनी डिस्चार्जबरोबर मराठी आणि कन्नडमध्ये अर्धं पान द्यावं: पॉझिटिव्ह आल्याची तारीख, आणि सहा आठवड्यांत ही लक्षणं दिसली तर थेट बालरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. ते पान लसीकरणाच्या कार्डालाच टाचलं तर हरवणार नाही.

– एक निवृत्त परिचारिका, खानापूर