रिपोर्टमध्ये न लिहिलेला आकडा

डॉक्टर मॅडम,

आईच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते आणि सीईए, म्हणजे कॅन्सर परतल्याचा इशारा देऊ शकणारा रक्तातला आकडा, थोडा वर सरकला होता. इस्लामपूरहून पहाटेच्या एसटीने आलो. ती उपाशी, माझ्या हातात नेटवरून काढलेले कागद. ‘ग्लासगोत १९९०च्या दशकात रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीवरून लिव्हरमधला लपलेला कॅन्सर हुडकत होते, तेवढं बघा,’ असं मी तुम्हालाच शिकवायला निघालो होतो. बाहेर बाकं भरलेली. तरी तुम्ही कागद वाचलेत.

मग स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. लिव्हरला साधारण पाऊण रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून मिळतं, उरलेलं धमनीतून. कॅन्सरच्या गाठी मात्र मुख्यतः धमनीवर पोसतात. म्हणून एकूण प्रवाहात धमनीचा वाटा वाढला की संशय घ्यायचा, ही त्या ग्लासगोच्या डॉक्टरांची कल्पना. जेवल्यावर पोर्टलचा प्रवाह वाढतो, म्हणून उपास. हे मला शाळेतल्या विज्ञानाइतकं सोपं वाटलं, आणि तिथेच तुम्ही मला थांबवलंत.

ती धमनी जेमतेम पाच मिलिमीटरची. मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की प्रवाहाचा आकडा वीसेक टक्क्यांनी हलतो, कारण व्यासाचा वर्ग होतो. शिवाय प्रोबचा कोन, आईचा श्वास, आतड्यातला गॅस. इतर ठिकाणी ग्लासगोसारखे निकाल हाती लागले नाहीत, हेही तुम्ही सांगितलंत. ‘आकडा मी काढून देईन, पण त्यावर तुम्ही झोपणार किंवा जागणार, ते मला नको,’ असं म्हणालात. (आईला यातलं आठवतं ते एवढंच, की तुम्ही गार जेल लावण्याआधी ‘थंड लागेल हं आजी’ म्हणालात.)

रिपोर्टमध्ये तुम्ही तो आकडा लिहिला नाहीत. ‘सोनोग्राफीत गाठ दिसत नाही, तरी कॉन्ट्रास्टचा सीटी करावा’ एवढंच लिहिलंत आणि सर्जनना स्वतः फोन केलात. सीटीत उजव्या बाजूला बारा मिलिमीटरचा डाग निघाला. एकच होता, काढता आला.

त्या दिवशी तुम्ही मला हवा तो आकडा दिला असता आणि तो नॉर्मल आला असता, तर मी पेढे घेऊन घरी गेलो असतो. सीटीचे पैसे वाचले म्हणून खूशही झालो असतो. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

आई आता स्वतः भाजी आणायला जाते. पुढची तपासणी जूनमध्ये आहे. या वेळी कागद आणणार नाही.

तुमचा,
इस्लामपूरच्या आजींचा मुलगा