सहा सिलिंडरची पारख तोलावर करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सरळ सहा (सहा सिलिंडर एका रांगेत) चांगले की व्ही सहा (तीन-तीनच्या दोन रांगा व्ही आकारात)’ हा वाद गाडीशौकिनांमध्ये निघाला, की एकमेकांवर आकडे फेकले जातात ते अश्वशक्तीचे आणि शून्य ते शंभरला लागणाऱ्या सेकंदांचे. आपल्या वाहनविषयक पानावरची चर्चाही त्याच वाटेने गेली. टर्बोमुळे (सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे) आज दोन लिटरचे चार सिलिंडरी इंजिनही ३०० अश्वशक्तीच्या पुढे जाते. तेव्हा निव्वळ ताकदीसाठी सहा सिलिंडर हवेत, हे म्हणणे आता टिकत नाही. सहा सिलिंडर घ्यायचे ते तोलासाठी, म्हणजे थरथर न होता फिरण्यासाठी. हा तोल येतो कुठून, तेही सांगायला हवे.

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वरवर पाहता जमाखर्च जुळतो. पण पिस्टनला क्रँकशी (खालच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरपा होत असल्याने पिस्टन वरच्या टोकाजवळ जास्त जोरात आणि खालच्या टोकाजवळ त्या मानाने सावकाश फिरतो. धक्के एकमेकांना पुरते कापत नाहीत आणि क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा थरथर उरते. तिचा जोर आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून २,५०० आरपीएमला गोड वाटणारे इंजिन ५,००० ला तळव्यांना झोंबू लागते. सरळ सहामध्ये १-६, २-५, ३-४ अशा जोड्या एकत्र चढतात-उतरतात आणि या तीन जोड्यांमध्ये १२० अंशांचे अंतर असते. धक्क्यांची बेरीज शून्य. पुढचा आणि मागचा अर्धा भाग आरशातल्यासारखे एकमेकांसमोर असल्याने इंजिन पुढे-मागे डोलतही नाही. त्यात १-५-३-६-२-४ या क्रमाने दर १२० अंशांना एक सिलिंडर पेटतो. यासाठी वेगळा बॅलन्स शाफ्ट (थरथर मारण्यासाठी फिरवलेला वजनी दांडा) लागत नाही.

व्ही सहा म्हणजे दोन तीन-सिलिंडरी इंजिने एका क्रँकवर. तीन सिलिंडरचे वर-खालचे धक्के जुळतात, पण टोके झोके घेतात. दोन रांगांत ६० अंशांचा कोन असलेल्या व्हीमध्ये हे बऱ्यापैकी आटोक्यात राहते. ९० अंशांच्या व्हीमध्ये क्रँकपिन (रॉड बसतो ती क्रँकवरची खुंटी) ३० अंशांनी फोडावी लागते आणि वर बॅलन्स शाफ्टही घालावा लागतो. मर्सिडीजचे १९९७ मधले एम ११२ इंजिन असेच होते. ते ९० अंशांचे केले, कारण ते व्ही आठच्याच यंत्रसामग्रीवर बनवायचे होते. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असल्याने सहा सिलिंडरला प्लग मात्र बारा.

तरीही जगभर व्ही सहाच पसरले, याचे कारण लांबी. आडव्या बसवलेल्या, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या इंजिनाच्या गाडीत सरळ सहा सहसा मावत नाही, आणि अपघातात चुरगळण्यासाठी नाकात मोकळी जागाही हवी असते. मग २०१७ मध्ये मर्सिडीज एम २५६ हे इंजिन घेऊन परत सरळ सहाकडे का वळली? एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप ४८ व्होल्टवर चालवून तिने पुढचा बेल्टच काढून टाकला आणि इंजिन आखूड केले. शिवाय सरळ इंजिनात एक्झॉस्ट एकाच बाजूला निघतो. टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) त्याला चिकटून बसतात, लवकर तापतात, आणि प्रदूषणाचे नियम पाळणे सोपे जाते. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत तर हा आराखडा १९३३ मध्येच आला, आणि १९६८ पासून तिने तो सोडलेलाच नाही.

आपल्याकडे सरळ सहाची ओळख खरे तर ट्रकमुळे आहे. टाटाच्या ‘६९७’ इंजिनाच्या आकड्यात सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) दडलेला आहे. १२८ मिलिमीटरच्या स्ट्रोकसह (पिस्टनच्या चालीसह) ते ५,६७५ सीसी होते, आणि मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचे मापही नेमके हेच. ‘४९७’ म्हणजे त्याच बोअरचे चार. लांबलचक क्रँकला सात मेन बेअरिंगचा आधार असलेली ही रचना ओझ्याखाली दिवसेंदिवस चालते.

चर्चेत ज्यावर कुणी बोललेच नाही, तो मुद्दा जुनी गाडी घेणाऱ्यांचा. सहा सिलिंडरच्या जुन्या गाड्या आज मोहात पाडणाऱ्या भावात मिळतात. त्यांचे इंजिन सहसा दगा देत नाही, दगा देतात ते त्याभोवतीचे रबर आणि प्लास्टिक. बीएमडब्ल्यूच्या एन ५२ आणि एन ५५ इंजिनांत ऑइल फिल्टर हाउसिंगचे (तेलाच्या गाळणीच्या घराचे) पॅकिंग उष्णतेने कडक होते. तेल थेंबाथेंबाने खालच्या बेल्टवर पडते, बेल्ट फुगून चिरतो, आणि त्याचे धागे क्रँकच्या पुढच्या सीलमधून आत ओढले जातात. तिथून ते तळच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरून तेलाच्या पंपाची जाळी तुंबवतात. स्वस्त पॅकिंगकडे केलेले दुर्लक्ष असे अख्ख्या इंजिनावर येते. गाडी पाहताना टॉर्च घेऊन हाउसिंगखालचा भाग बघावा. तो ओला आणि मातकट दिसला तर पॅकिंग आणि बेल्ट दोन्ही बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

याच इंजिनांचा पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि गळतीचा थेंबही न दाखवता अचानक बंद पडतो. लाख-दीड लाख किलोमीटर झाले असतील आणि बदलल्याची पावती नसेल, तर तो थर्मोस्टॅटसह (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेसह) बदलून घ्यावा. एन ५२ चा ब्लॉक मॅग्नेशियमचा आहे. त्यात पोलादी बोल्ट लावला तर दोन धातूंच्या संयोगाने मॅग्नेशियम गंजते. म्हणून ॲल्युमिनियमचेच आणि दर वेळी नवेच बोल्ट वापरावे. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा कसला की तुटतो.

पंप बदलल्यावर कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातली) हवा काढण्याची रीतही वेगळी आहे. इंजिन थंड हवे आणि बॅटरीला चार्जर जोडलेला. कूलंट भरून टाकीचे झाकण लावावे. इग्निशन चालू करावे, इंजिन सुरू करू नये. हीटर सर्वात गरम, पंखा सर्वात हळू. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दहा सेकंद दाबून सोडला की पंप आपोआप सुमारे १२ मिनिटे चालतो. नंतर पातळी बघून कूलंट पुन्हा भरावे. हे टाळले तर हवेचा बुडबुडा हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) अडकतो. सरळ सहाचे हेड लांब, तापले की वाकायला वेळ लागत नाही, आणि वाकण्याची मुभा मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाते.

गाडी मिस मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर लगेच इंजिन उघडू देऊ नये. स्कॅनरवर पी ०३०३ (तिसरा सिलिंडर मिस मारतो) हा कोड आला, तर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) पाचव्यावर लावावी. कोड पी ०३०५ झाला तर दोष कॉइलचा. तो जागेवरच राहिला तर आधी प्लग आणि मग इंजेक्टर बघावा. सरळ सहामध्ये हे अर्ध्या तासाचे काम. आडव्या व्ही सहामध्ये मागची रांग अनेकदा इनटेक मॅनिफोल्डखाली (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याखाली) दडलेली असते. तो उतरवून नव्या पॅकिंगसह बसवण्यात अर्धा दिवस जातो. सरळ की व्ही, हे ठरवताना हा फरक मला अश्वशक्तीपेक्षा मोठा वाटतो.

आपल्या पुरवणीत सहा सिलिंडरच्या जुन्या गाडीचे परीक्षण येईल तेव्हा शून्य ते शंभरच्या सेकंदांशेजारी पंप, थर्मोस्टॅट, हाउसिंगचे पॅकिंग आणि सहा कॉइल यांची चालू किंमतही छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पिंपरी-चिंचवड